चाखण्यापुरता मसाला

"चव बगितली का न्हाई, चाचा? तेवढं सांगा."

म्हाताऱ्याने वर पाहिलं नाही. दर्ग्याच्या पायरीवर बसून तो बाभळीचे कोळसे निवडत होता. बारीक एकीकडे, जाड एकीकडे.

"एकटाच आलास?" त्याने विचारलं.

"एकटाच. ... मी काय इचारतोय, चाचा?"

"ऐकलं."

आणि पुन्हा कोळसे.

जालिंदर फडतऱ्याला असं ताटकळत ठेवायची हिंमत आता कुणाची होत नाही. हायवेवर त्याचं हॉटेल आहे. काचेचं, दोन मजली, बाहेर ओळीने शेगड्या मांडलेल्या आणि पाटीवर हातभर अक्षरांत 'बार्बेक्यू' लिहिलेलं. कोरडा मसाला चोळून निखाऱ्यावर भाजलेली बकऱ्याची मांडी ही तिथली खासियत. लोक लांबून येतात, ताटकळतात, बोटं चाटतात, फोटो काढतात. मसाला कुणाचा, असं कुणी विचारलं की जालिंदर हसून स्वतःच्या छातीवर हात ठेवतो. त्यात खोटं काही नाही, मसाला तोच करतो. कुणाकडे शिकला हे सांगायला तेवढा त्याला वेळ होत नाही.

शिकला तो इथे. खडकपिराच्या टेकडीवर, इलाही मुजावराच्या हाताखाली.

टेकडीच्या पायथ्याशी तेव्हा सावरघर नावाचं गाव होतं. नवस फिटला की माणसं बकरं घेऊन वर यायची आणि पिराला कंदुरी करायची. नवस बोलताना कुणी जात-धर्म बघत नसे आणि फेडतानाही नसे. मुलाणी बकरं कापून द्यायचा. रस्सा मात्र इथे कधी झाला नाही, कारण टेकडीवर पाणी नव्हतं. म्हणून मांस भाजायचं आणि म्हणून मसाला कोरडा. तो मसाला इलाही कुटायचा. त्याच्याआधी त्याचा बाप कुटायचा.

आणि टेकडीची एक रीत होती.

उघडलेला मसाला आणि भाजलेलं मांस टेकडीवरच संपवायचं. खाली न्यायचं नाही, उद्यासाठी झाकून ठेवायचं नाही. आणि काही झालं तरी एकट्याने खायचं नाही. नवस फेडणारा जीव एकटाच असला, तर त्याने खाली रस्त्यावर जाऊन उभं राहायचं आणि जो पहिला दिसेल त्याला हात जोडून वर आणायचं. निवड करायची नाही. एकदा एक म्हातारी अशी उभी राहिली, तर समोरून आला तिचाच पुतण्या. बांधावरून दोघांचं कोर्टात चाललं होतं. काय करते बिचारी? आणला त्याला वर. दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवले. पण जेवले.

मग धरण झालं.

सावरघर पाण्याखाली गेलं. माणसांना दुसऱ्या जिल्ह्यात जमिनी मिळाल्या, ती ट्रकमध्ये बसून गेली. टेकडी उंच म्हणून राहिली, तीन बाजूंनी पाणी घेऊन. इलाहीलाही तिकडे जागा मिळत होती. तो गेला नाही. "पिराचं पुनर्वसन कुठं करणार हाय सरकार?" असं तो म्हणाला, हे लोक अजून हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. दर्ग्यात रोज दिवा लावायला कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी आपणच आहोत हे त्या माणसाला कळलं होतं.

जालिंदरही त्या ट्रकमध्ये बसला नाही. भाऊ गेला, तो हायवेकडे निघाला. कुणाच्या ढाब्यावर भांडी घासली, कुणाची शेगडी सांभाळली, आणि एका साली स्वतःचं हॉटेल काढलं. त्या साली त्याने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने मसाला केला. वाटीभर मावेल असा पत्र्याचा डबा घेतला, त्यात तो भरला, वरून फडकं शिवलं आणि टेकडीवर धाडून दिला. एका मांडीला पुरेल एवढाच, चाखण्यापुरता. धरणात मासे धरणारा एक होडीवाला होता, त्याच्या हाती दिला आणि सोबत निरोप दिला, चव बघून सांगा.

उत्तर आलं नाही.

दुसऱ्या साली नवी मिरची आली, वाळली, मसाला झाला. त्याने पुन्हा डबा धाडला. पुन्हा तोच निरोप. आणि पुन्हा तेच.

असं दरसाल. स्वतः येणं त्याला कधी जमलं नाही. सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल एवढीच वाट आहे. पण हॉटेल ज्याच्या मागे लागलं त्याला सवड कुठली, असं तोच सांगतो आणि आपण मान हलवायची असते.

मग या साली असं झालं की शहरातल्या कुठल्याशा मंडळाने त्याला बोलावून शाल दिली, नारळ दिला, त्याच्या मसाल्याचं तोंड भरून कौतुक केलं. टाळ्या झाल्या. सभागृह रिकामं झालं. खुर्च्या उचलणारी माणसं तेवढी राहिली, आणि हा मांडीवर शाल घेऊन बसून राहिला. त्याला वाटलं, या सगळ्यांनी माझी वाहवा केली खरी, पण हा मसाला मुळात कसा असायला हवा हे यांतल्या एकाला तरी ठाऊक आहे का? ज्याला ठाऊक आहे तो एकच माणूस. आणि तो इतकी वर्षं एक शब्द बोलत नाही.

त्याला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की आपल्याकडे माणूस चिडतो. एका अर्थी ते बरंच असतं, चिडलेला माणूस निदान उठून चालायला तरी लागतो.

तर असा तो आला होता. मुलाण्याकडून कापून घेतलेली मांडी एका हातात, आणि खिशात या सालचा डबा. गाडी शेवटच्या वस्तीवर ठेवून करवंदीच्या जाळ्यांमधून तंगडतोड करत वर चढला होता. शर्ट पाठीला चिकटला होता.

"दरसाल डबा धाडला," तो म्हणाला. "होडीवाला म्हनतोय, पोचला."

"पोचला की."

"मग?"

म्हाताऱ्याने हात झटकले. मग आत माठ आहे, पाणी घेऊन ये, असं त्याने सांगितलं. इतक्या लांबून आलेल्या माणसाला पाणी दिल्याशिवाय कसं बोलायचं, असं काहीसं तो पुटपुटला.

जालिंदर दर्ग्याशेजारच्या खोलीत गेला.

खोलीत एक ताट होतं. एक पेला, एक वाकळ, खुंटीला एक सदरा. कोपऱ्यात उखळ होतं, आणि त्याच्या तोंडावर पालथी टोपली. भिंतीतल्या फळीवर डबे होते. पत्र्याचे, वाटीएवढे, ओळीने लावलेले. एकावरही धूळ नव्हती, कुणीतरी ते नेमाने पुसत होतं.

त्याने एक डबा हातात घेतला. फडकं जसंच्या तसं. टाके त्याचेच होते. दुसरा घेतला. तिसरा घेतला.

एकही उघडलेला नव्हता.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पाणी नव्हतं.

"उघडला बी न्हाई?" तो म्हणाला. "एक बी?"

"न्हाई."

"येवढा वंगाळ वाटलो व्हय मी तुमाला?"

...

मग तो पुष्कळ बोलला. इतकी वर्षं साचलं होतं ते सगळं बोलला. धणे मंद आचेवर कसे भाजतो, मिरचीला तवा न दाखवता नुसतं ऊन कसं देतो, दगडफुलातले खडे स्वतः बसून कसे निवडतो, कंकोळ मिळेना म्हणून कुठे कुठे हिंडलो. हॉटेलात कामाला इतकी माणसं आहेत, पण या मसाल्याला कुणाला हात लावू देत नाही. हे सगळं कुणासाठी? गिऱ्हाइकाला काय, तिखट लागलं की झालं. आवाज चढत गेला तसा त्याचा श्वास लागला. म्हातारा ऐकत होता. मधे एकदा त्याने कोळशातला एक खडा उचलून बाजूला टाकला, तेवढंच.

बोलणं संपलं.

"पानी?" म्हाताऱ्याने विचारलं.

जालिंदर पुन्हा आत गेला. पाणी घेऊन आला. खोलीत पेला एकच, म्हणून म्हाताऱ्याने अर्धा पेला पिऊन उरलेला त्याच्यापुढे धरला. जालिंदर प्यायला. पाणी पोटात गेल्यावर त्याचा आवाज खाली आला, आणि ज्यासाठी आला होता ते तो बोलला.

"दुसऱ्या कुनाला इचारू मी, चाचा? ज्येंना ह्याची चव ठावं व्हती ती समदी गेली. तुमी एकलंच ऱ्हायलाय."

"व्हय," म्हातारा म्हणाला. "एकलाच."

...

खाली पाणी चमकत होतं. म्हाताऱ्याने हनुवटीने तिकडे दाखवलं.

"पयला डबा आला, तवा जाऊन हुबा ऱ्हायलो व्हतो. रस्त्यावर."

"मग?"

"रस्ता पान्यात हाय."

जालिंदरने पाहिलं. सावरघरचा डांबरी रस्ता टेकडीला वळसा घालून उतारावरून जात होता, आणि जिथे पाणी सुरू होत होतं तिथे सरळ पाण्यात शिरत होता. कडेचा मैलाचा दगड अर्धा वर होता. त्या रस्त्यावर आता कोण येणार? वरून येणारा नाही, आणि पलीकडून येणारा तर नाहीच नाही.

तेव्हा कुठे त्याला रीत आठवली.

विसरला नव्हता तो. मांस उद्याला ठेवायचं नाही हे हॉटेलातही पाळत होता, अभिमानाने सांगतही होता. एकट्याने खायचं नाही, एवढंच त्यातलं गळालं होतं. डबा एकाचा, धाडला एकाला, आणि तो एकटा माणूस उघडून चाखील कसा, हे इतक्या वर्षांत एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. टेकडीवर राबलेल्या माणसाकडून व्हावी अशी ही चूक नव्हती. झाली होती खरी.

तो पायरीवर बसला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, होडीवाला तर दरसाल येत होता, त्याला का नाही वर बोलावलं?

"माळकरी हाय त्यो," म्हातारा म्हणाला. "मासं धरतो, खात न्हाई. मटनाला तर शिवत बी न्हाई."

पाण्याची पातळी बघायला साहेब लोक येतात, असंही त्याने सांगितलं. पण ते धरणाच्या भिंतीवरच थांबतात, जीपमधून उतरत नाहीत. शेरडं चारणारी माणसं पलीकडच्या अंगाला असतात, इकडे चारा नाही. एकदा एक वाट चुकलेला माणूस आला होता. म्हाताऱ्याने चूल पेटवली, फळीवरचा डबा काढला आणि वळून बघतो तर माणूस निघून गेला होता. त्याला अंधाराच्या आत वस्ती गाठायची होती. डबा परत फळीवर गेला.

"निरोप तरी धाडायचा," जालिंदर म्हणाला.

"काय म्हनून? चाखला न्हाई, तर ब्येस हाय म्हनून लबाड कसं बोलू?"

"मग ये म्हनून तरी धाडायचा."

म्हातारा पुन्हा कोळसे निवडायला लागला...

जालिंदरने बराच वेळ त्याच्या हातांकडे पाहिलं. पूर्वी त्या हातांनी उचललेलं मुसळ खाली आलं की पायरीपर्यंत हादरा यायचा. आता कोळसा उचलतानाही बोटं थरथरत होती. मग त्याने खिशातून या सालचा डबा काढला. त्याचा राग गेला होता, पण मूळची घाई तशीच होती.

"आता दोगं हाय की आपुन. ह्यो फोडा, चाचा. ह्याच्यात समदं जमलंय."

म्हाताऱ्याने डबा घेतला. फडक्यावरून अंगठा फिरवला. टाके बघितले, बरे घातलेत म्हणाला. मग उठून आत गेला. तो डबा त्याने ओळीच्या शेवटी ठेवला आणि दुसऱ्या टोकाचा, पहिला, घेऊन बाहेर आला. त्याचं फडकं पिवळं पडलं होतं.

"ह्यो."

"चाचा, त्येच्यात आता काय ऱ्हायलं आसंल? भुसा झाला आसंल त्येचा."

"आदी आला त्यो आदी."

जालिंदरने विनवलं. तेव्हा मला काही येत नव्हतं, त्या मसाल्यावरून माझी परीक्षा करू नका, असं तो म्हणाला. परीक्षा हा त्याचाच शब्द. म्हाताऱ्याने तोपर्यंत सुरीच्या टोकाने पहिला टाका उसवला होता.

कोळसे पेटले. मांडी फडक्याने कोरडी टिपून घेतली, तिला सुरीने तिरपे छेद दिले. मीठ लावलं नाही. मीठ आधी लागलं की मांस पाणी सोडतं आणि मसाला वाहून जातो. ते शेवटी, उलटताना टाकायचं. म्हाताऱ्याने डब्याचं झाकण काढलं. जालिंदरने वास घ्यायला नाक पुढे केलं आणि मागे घेतलं. वास नव्हताच. लाल रंग होता, तोही तपकिरीकडे झुकलेला.

"चोळ," म्हातारा म्हणाला.

जालिंदर चोळायला लागला. हॉटेलात दिवसभर तेच काम. दोन्ही तळव्यांनी थापटायचं, गरकन फिरवायचं, पुन्हा थापटायचं, की पुढची मांडी हातात. बघणाऱ्याला भारी वाटतं. लोक त्याचा व्हिडिओ काढतात.

म्हाताऱ्याने त्याच्या हातावर हात ठेवला.

"येकच हाय," तो म्हणाला.

जालिंदरचे हात थांबले. मग त्याने एका छेदात बोट घातलं आणि हळूहळू आतपर्यंत मसाला भरला. मग दुसऱ्या छेदात. कितीतरी वर्षांत त्याने एवढ्या सावकाश काही केलं नव्हतं, आणि ते करताना त्याला उगाच रडू येईल असं वाटत होतं.

मांडी जाळीवर गेली. चरबी वितळून निखाऱ्यावर पडायला लागली. ऊन उतरलं. म्हातारा मधे उठून दर्ग्यात ऊद लावून आला. जालिंदरने मांडी उलटली, मीठ भुरभुरलं. भाजून झाल्यावर म्हाताऱ्याने ओंजळ धरून ओठातल्या ओठात फातिहा म्हटला. जालिंदरने आपल्या पद्धतीने हात जोडले.

ताट एकच होतं. ते मधे ठेवलं. म्हाताऱ्याने पहिला तुकडा तोडून जालिंदरसमोर सरकवला, दुसरा स्वतः घेतला.

जालिंदरने खाल्ला. तिखट होतं, कडसर होतं, बाकी काही नव्हतं. लवंग नव्हती, मिरी नव्हती, दगडफुलाचा तो मागून येणारा वास नव्हता. एवढ्या कौतुकाचा आचारी, पण त्या क्षणी पायरीखाली तोंड लपवावं असं त्याला झालं.

म्हाताऱ्याच्या तोंडात फार दात नव्हते. तो चघळत राहिला. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने मनगटाने पुसलं.

"धनं करपल्यात."

"व्हय."

"ध्यान कुटं व्हतं?"

...

ध्यान रस्त्याकडे होतं. ते जालिंदरने त्याला सांगितलं. हॉटेल उघडायच्या सकाळी त्याने ते धणे भाजले होते. एक डोळा तव्यावर, एक डोळा रस्त्यावर. गिऱ्हाईक येतंय का म्हणून बघत होतो, असं त्याने आधी सांगितलं. मग खरं काय ते सांगितलं. सावरघरच्या माणसांना त्याने बोलावणं धाडलं होतं, भावालाही धाडलं होतं. त्यांच्यातलं कुणी येतंय का ते बघत होतो. कुणी आलं नाही. धण्यांचा धूर झाला तेव्हा त्याचं लक्ष गेलं.

म्हाताऱ्याने मान हलवली. आणखी एक तुकडा तोडला.

"मिरची ब्येस हाय," तो म्हणाला.

एवढंच. शाल नव्हती, नारळ नव्हता. पण जालिंदर आत जाऊन पेलाभर पाणी पिऊन आला. मिरची म्हणायची तर मिरची म्हणा.

शब्द मिळाला, आता माणसाने गप्प बसावं की नाही? पण उपाशी माणसाला एक घास मिळाला की भूक वाढते. मांडी अजून बरीच उरलीय, तो म्हणाला. या सालचा डबा आणतो, उरलेल्या मांडीला लावून बघू.

"फोडला म्हंजी संपवाया लागतोय," म्हातारा म्हणाला. "आजचा ह्योच. पुढच्या खेपंला दुसरा."

"आनि ह्या सालचा?"

"त्येची पाळी आली की."

जालिंदरने दारातून आत पाहिलं. फळीवरची ओळ इथून दिसत होती. मग त्याने शेजारी पाहिलं. ताटातला तुकडा उचलायला म्हाताऱ्याला प्रत्येक वेळी थोडा जास्त वेळ लागत होता.

"रांगंनं गेलं तर चाचा... त्येची पाळी येईस्तवर..."

म्हाताऱ्याला कळायचं ते कळलं. त्याने बोट पुसलं.

"रोज किती मान्सं जेवू घालतोस तू?"

"मोजत न्हाई आता."

"मग त्यातली चार घिऊन ये. तेवढी तोंडं आसली तर एका बैठकीत निम्मी फळी मोकळी हुईल."

सोपं होतं. जालिंदरने लगेच तोंड उघडलं.

आणि ते उघडंच राहिलं.

त्याला हॉटेलातली पोरं आठवली. सुट्टी मिळाली की ती आपापल्या घरी पळतात आणि तेच बरोबर आहे. गिऱ्हाइकं आठवली. तोंडं पुष्कळ आठवली, नाव एकाचंही नाही. शाल घालणारे अध्यक्ष आठवले. बायको पुण्याला लेकीकडे जाऊन राहिली होती. दोघींचा फोन यायचा, औषधं घेतली का विचारायच्या, पण करवंदीच्या जाळ्यांतून इथवर चल, एका म्हाताऱ्याशेजारी बसून जेव, असं त्यांना म्हणायचं तर आधी कितीतरी वेगळं बोलावं लागलं असतं. भाऊ होता. त्याचा फोन नंबर याच्याकडे नव्हता. चार राहू देत, तो एकच नाव शोधत राहिला. इथून उठून ज्याच्या दाराशी जावं आणि म्हणावं, चल, जेवायला चल, असं एक नाव.

खाली पाणी काठाला लागत होतं, त्याचा आवाज येत होता.

म्हातारा वाट बघत होता. त्याला वाट बघायची सवय होती.

"कुनी न्हाई, चाचा," जालिंदर म्हणाला.

...

म्हाताऱ्याने उरलेली मांडी विस्तवाच्या कडेला ओढून ठेवली. ताट दोघांच्या अगदी मधोमध आलं आहे का ते बघितलं, थोडं सरकवलं.

"मग सावकाश खाऊ," तो म्हणाला.